दाव्याविना पिकअप

काही प्रवास असे असतात की त्यांतून माणूस गेला तसा परत येत नाही. आमचा मांजरीचा प्रवास या थोर जातीचा होता. जाताना आम्ही सिटी बसने गेलो आणि येताना स्वतःच्या पिकअपमधून आलो.

कोथरूड आणि मांजरी ही पुण्याची दोन टोकं आहेत. आमच्या सोसायटीत कैलास-मानससरोवर करून आलेली मंडळी आहेत, नॉर्वेला जाऊन आकाशातले हिरवे दिवे बघून आलेलं एक जोडपं आहे. मांजरीला मात्र कुणीही गेलेलं नाही. तेव्हा हे लिहिणं माझं कर्तव्य ठरतं.

कोथरूड

आधी कारण सांगतो. माझी पत्नी वसुधा बँकेतून निवृत्त झाली आणि मधमाश्या पाळू लागली. निवृत्तीनंतर लोक गाणं शिकतात, योगासनं शिकवतात. तिला डंख असलेलं काहीतरी हवं होतं. भूगावजवळ एका मैत्रिणीच्या प्लॉटवर तिच्या पेट्या आहेत. फुलोरा जिथे असेल तिथे पेट्या न्याव्या लागतात. माश्या उडून जातील तेवढ्या अंतरातली फुलं संपली की त्यांना साखरेचा पाक पाजावा लागतो आणि पाकावर माशी जगते, पण कामाची राहत नाही.

इतकी वर्षं पेट्या भाड्याच्या टेम्पोतून जात. गेल्या वर्षी चांदणी चौकाच्या अलीकडे एका पेटीचं झाकण सरकलं. ड्रायव्हरने टेम्पो रस्त्यातच थांबवला, दार उघडलं आणि तो चालत निघून गेला. त्यानंतर तो आम्हाला भेटलेला नाही. पण त्याचं वर्णन सगळ्या टेम्पो स्टँडांवर पोचलं. दुसऱ्या एका ड्रायव्हरने मला स्वतःचा मोबाइल दाखवला, त्यात वसुधाचा नंबर ‘मधमाशी मॅडम, उचलू नये’ या नावाने साठवलेला होता.

यंदा जुन्नरकडच्या एका शेतकऱ्याने बियाण्यासाठी कांदा लावला होता. कांद्याला फुलांचे गोंडे आले होते आणि माश्या आल्या नाहीत तर बी धरणार नव्हतं. त्याने फोनवर सांगितलं, “ताई, शुक्रवारपर्यंत वाट बघतो. मग मी दुसऱ्याच्या पेट्या आणतो, राग मानू नका.” इकडे भूगावला पाकाच्या बशा रोज रिकाम्या होत होत्या. एकही टेम्पोवाला यायला तयार नव्हता.

“आपण आपली गाडी घेऊ,” वसुधा म्हणाली.

“आपल्याकडे गाडी आहे.”

“त्यात दोन पेट्या आणि तुम्ही मावता. मला पिकअप हवी. जुनी चालेल, पण दणकट. मागे स्प्रिंगचे जादा पाटे टाकलेली. घाटात पेट्यांची चळत डुलता कामा नये.”

मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं. जुनी वस्तू घेण्याचा माझा अनुभव पुस्तकांपुरता. त्यात वाळवी लागली आहे की नाही एवढं बघायचं असतं. पुढे कळलं की पिकअपच्या बाबतीतही फारसं वेगळं नसतं.

बायपास

सोमवारी आम्ही बायपासवरच्या एका जुन्या गाड्यांच्या दालनात गेलो. दालन हा त्यांचाच शब्द. आत थंडगार हवा, काचेच्या पेल्यात पाणी, आणि टाय लावलेला एक तरुण. तो आम्हाला ‘सर’ आणि ‘मॅम’ म्हणत होता. मागच्या अंगणात आम्हाला दाखवायची पिकअप लाल साटिनच्या कापडाखाली झाकून ठेवली होती. एखाद्या पुतळ्याचं अनावरण असावं तशी.

“सर, आमच्याकडे डिलिव्हरीचा सोहळा असतो,” तो म्हणाला. “केक असतो, फोटो असतो. ही की तुमच्या हातात देतो.”

की म्हणजे थर्माकोलची सोनेरी चावी होती, माझ्या हाताएवढी. ती धरून हसणाऱ्या कुटुंबांचे फोटो भिंतीवर ओळीने लावले होते. मला त्या माणसांच्या चेहऱ्यांवर आनंदापेक्षा चावी मोडेल की काय याची काळजी जास्त दिसली.

“कापड काढा ना,” वसुधा म्हणाली.

कापड निघालं. गाडी काळ्याभोर नव्या रंगात चमकत होती. वसुधाच्या पर्समध्ये पेटीची झाकणं उचकटायची लोखंडी पट्टी कायम असते. ती मागे चढली, हौद्यात वाकली आणि रंगाचा एक फुगवटा बघून तिथे पट्टी टेकवली. फारसा जोर लावला असं मला वाटलं नाही. पट्टी आरपार गेली आणि खालची जमीन दिसली.

“हे व्हेंटिलेशन आहे का?” तिने विचारलं.

तरुणाने कापड परत घातलं. केकची चौकशी करायचा मला मोह झाला होता, पण वसुधा रस्त्याला लागली होती.

मांजरी

बुधवारी मांजरी. जाहिरात अशी होती: “घरची पिकअप. भाजी व फुले वाहिली आहेत. आईला विचारून मिळेल.” शेवटच्या वाक्यामुळेच आम्ही फोन केला.

मांजरी आता महानगरपालिकेत आहे, हे पाटीवर लिहिलं आहे. पाटीच्या मागे ऊस होता. विकणारे बापूराव पन्नाशीचे, स्वच्छ पांढरा शर्ट आणि मनगटात जाड कडं. जमिनीचा मोठा भाग इमारतींसाठी गेल्यावर त्यांनी भाजी बंद केली होती आणि त्याच इमारतींखाली हार्डवेअरचं दुकान टाकलं होतं. त्यांच्या आई ओट्यावर बसल्या होत्या. सगळे त्यांना आक्का म्हणत होते, म्हणून आम्हीही म्हणू लागलो.

आमच्याकडे कोथरूडला पाहुण्याला चहा घेणार का असं विचारतात आणि उत्तराची वाट पाहतात. इथे ताटं आली. बाजरीची भाकरी, भरलं वांगं, कच्चा कांदा, आणि मिरचीचा ठेचा. ठेचा खाताना माझ्या मनातून पिकअपचा विषय काही काळ पूर्ण गेला होता.

जेवणानंतर गाडी बघितली. रंग उडालेला, बाजूला बारीक पोचे, पण हौद्याचा पत्रा जाड आणि कोरडा. वसुधाने पट्टीने सगळीकडे ठोकून पाहिलं. कुठेही जमीन दिसली नाही. मागचे पाटे जादा होते. मग ती स्टिअरिंगवर बसली आणि कॅनॉलच्या रस्त्याने चक्कर मारून आली. परत आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता आणि तिने मला नुसती मान हलवून दाखवली. पस्तीस वर्षांच्या संसारात ती मान इतक्या ठामपणे माझ्या बाबतीत हललेली मी पाहिलेली नाही.

आता आक्कांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली.

“काय भरनार तिच्यात?”

“मधमाश्यांच्या पेट्या,” वसुधा म्हणाली.

“वाळूला न्हाई ना लावनार?”

“नाही.”

“वाळूनं कंबरडं मोडतं. आन् भंगारवाल्याला?”

“मुळीच नाही.”

“चावत्यात का गं त्या?”

“चावल्या तर मला. गाडीला नाही.”

आक्का हसल्या. दात थोडे होते, पण हसू पूर्ण होतं. भाव ठरला, पैसे दिले, बापूरावांनी वसुधाच्या हातावर पेढा ठेवला. मी उठलो आणि, व्यवहार पुरा झाला असं समजून, चावीसाठी हात पुढे केला.

आक्कांनी ओट्यावरचा जुडगा उचलून मुठीत धरला.

“गाडी दिली,” त्या म्हणाल्या. “चावी न्हाई मिळनार.”

मी बापूरावांकडे पाहिलं. बापूराव उसाकडे पाहत होते.

“आई, अगं, ते काय बैल हाय का?”

“मग काय हाय? बारा म्हैनं राबली ती. बैल इकला तर दावं घरात ठेवायचं. दाव्यासंगं लक्षुमी जाती. तुझ्या आज्यानं एकदा दाव्यासकट दिला खोंड, तवापासनं गोठ्यात बैल टिकला का, सांग.”

“टिकला नाही कारण ट्रॅक्टर घेतला,” बापूराव म्हणाले.

“तेच सांगती मी.”

मला अशा ठिकाणी गप्प बसता येत नाही. मी म्हणालो, “आक्का, दावं जनावर बांधून ठेवायला असतं. चावीने गाडी सुटते. त्या हिशोबाने दावं म्हणजे हँडब्रेक.”

“बिरेक काढून ठिवा मग घरात,” आत चुलीपाशी असलेल्या सूनबाई म्हणाल्या. सगळं घर हसलं. आक्का हसल्या नाहीत.

बापूरावांनी हौद्यातली माल बांधायची दोरी आणली. “ही ठेव ना घरात. ही दोरीच हाय.”

“ती मालाची. जनावराची न्हाई. जे हातात घेतल्याबिगर ती जागची हालत न्हाई, ते तिचं दावं.”

व्याख्या बिनतोड होती. मोठमोठे ग्रंथ चाळून इतकी नेटकी व्याख्या मला फार कमी वेळा सापडली आहे. अडचण एवढीच की ती आमच्या विरुद्ध जात होती. दुसरी चावी कुठे आहे, असं मी विचारलं. ती फार पूर्वी विहिरीत पडली होती. विहिरीवर आता इमारत होती. आणि शुक्रवार परवावर आला होता.

तेव्हा वसुधा ओट्यावर आक्कांशेजारी जाऊन बसली.

“आक्का, बैल घ्यायला येणारा कसा न्यायचा मग?”

“आपलं दावं आपन घिऊन येतो की तो.”

“आणि आणलं नसेल तर?”

“इकत घ्यायचं. रविवार पेठेत, मंडईच्या अंगाला मिळायची झ्याक दावी.”

“मग चला,” वसुधा म्हणाली. “आमचं दावं आम्ही करून घेतो. तुमचं तुमच्याकडे राहू दे.”

बापूराव म्हणाले की चावीवाला हडपसरलाही आहे. आक्का आत गेल्या त्या ठेवणीतलं लुगडं नेसून बाहेर आल्या. दावं गावात घ्यायची रीत नव्हती.

आमच्या दालनवाल्याकडे चावी हातभर लांब होती आणि गाडी कुजकी. इथे गाडी धडधाकट होती आणि चावी नव्हती. माझ्या मनात यावर एक चांगला विचार तयार होत होता, पण आक्कांनी बॉनेटला हळद-कुंकू लावायला मला वाटी धरायला सांगितली.

मंडई

केबिनमध्ये तिघांची जागा. बापूराव चालवायला, आक्का मध्ये, पलीकडे वसुधा. मी मागे हौद्यात, उलट्या ठेवलेल्या क्रेटवर.

ही बसायची जागा मी कुणालाही सुचवेन. शहरात राहून शहर इतक्या उंचावरून आणि इतक्या वाऱ्यात दिसत नाही. हौद्याला मेथीचा वास मुरलेला होता. निवडणुकीच्या दिवसांत उघड्या गाडीत उभी राहून हात हलवणारी माणसं मी नेहमी खिडकीतून बघतो आणि पडदा ओढतो. हडपसरच्या सिग्नलला मी स्वतः दोन शाळकरी मुलींना हात हलवून दाखवला. शेजारी स्कूटरवर एक बाई थांबल्या होत्या.

“काका, मेथी कशी दिली?”

“संपली,” मी म्हणालो. मला खरंच वाईट वाटलं.

वाटेत बापूराव पंपावर वळले. खाली उतरून त्यांनी जुडगा पंपावरच्या पोऱ्याकडे फेकला आणि टाकी काठोकाठ भरायला सांगितली. मी पैसे काढू लागलो तर त्यांनी माझा हात धरला.

“न्हाई, सर. उपाशी जनावर दारातनं काढलेलं आईला चालत न्हाई.” आक्का काचेतून जुडग्याकडे बघत होत्या. तो परत आला तेव्हाच त्या मागे टेकल्या.

मंडईच्या गल्लीत पिकअप उभी करायला जागा मिळणं अशक्य असतं, पण बापूरावांनी वीस वर्षं तिथे भाजी उतरवली होती. एका नारळवाल्याने त्यांना पाहून आपली हातगाडी न बोलता बाजूला घेतली. चावीवाल्याचं दुकान म्हणजे एक कपाट होतं, त्यात एक माणूस बसवलेला. वर पाटी: “चावी कशी हरवली हे सांगू नये.”

“हरवलेली नाही,” मी म्हणालो.

“मग आलात कशाला?”

“दुसरी करून हवी आहे. पिकअपची.”

“पहिली द्या.”

“ती यांच्या हातात आहे.”

त्याने आक्कांकडे पाहिलं. आक्कांनी जुडगा पुढे केला, पण सोडला नाही. त्यात चार-पाच चाव्या होत्या, घराची, कोठीची, मोटारीच्या खोलीची, आणखी कसल्या कसल्या.

“आजी, सोडा. मशीनला लावायची आहे.”

“लाव की. मी धरून हाय.”

“चावी जुडग्यातून काढा तरी.”

“जुडगा फोडायचा न्हाई.”

त्याने चष्मा कपाळावर ढकलला. “मॅडम, ही बँकेची तिजोरी आहे का?”

“बैल आहे,” वसुधा म्हणाली. “तुम्ही दावं करताय.”

पुण्यातल्या दुकानदाराला गप्प करणारं वाक्य मी आयुष्यात प्रथमच ऐकलं. त्याने पिकअपची चावी तशीच मशीनच्या चिमट्यात अडकवली. बाकीचा जुडगा आक्कांच्या हातात. मशीन किंचाळलं, ठिणग्या उडाल्या, आजूबाजूचे लोक मागे सरकले. आक्का हलल्या नाहीत. मला एकदम जाणवलं की मी श्वास धरून उभा आहे, आणि हे साठीच्या माणसाला एका चावीसाठी शोभत नाही. तरी सोडवत नव्हता.

नवी चावी घेऊन बापूराव गाडीत बसले. लागली नाही. परत दुकान, परत मशीन, परत ठिणग्या. दुसऱ्या वेळी वसुधा बसली. तिने चावी फिरवली आणि आमची पिकअप, नारळवाल्याच्या तोंडावर धूर सोडत, सुरू झाली. नारळवाल्याने एक नारळ फोडून दिला. धुराचा राग म्हणून की आनंदाने, हे मला समजलं नाही.

आक्का म्हणाल्या, आता आले आहे तर मंडई बघते. त्यांनी वांग्यांचा एक ढीग उपसला, एकही वांगं न घेता परत रचला, आणि विकणाऱ्याला म्हणाल्या, “बाळा, ही कालची हायती.” तो म्हणाला, “परवाची आहेत, आजी. पण सांगता कुणाला.” दोघांनाही बरं वाटलेलं दिसलं. मग त्यांना आइस्क्रीम हवं झालं. ते आम्ही चौघांनी पिकअपच्या फळीवर बसून खाल्लं. आक्कांनी एका दोरीवाल्याकडून लाल-पिवळा गोंडा घेतला आणि आमच्या एकुलत्या चावीला बांधला.

“हे तुमचं दावं,” वसुधाच्या हातावर ठेवत त्या म्हणाल्या. “चढाला रडती ती. दुसऱ्यात टाक आन् दम धर. शिव्या दिऊ नको.”

मग त्यांनी गाडीच्या फळीवर थाप मारली, जुडगा कमरेला खोचला, आणि मायलेक बस स्टँडकडे चालायला लागले. बापूरावांनी एकदा वळून बघितलं. आक्कांनी वळून पाहिलं नाही.

कर्वे रस्ता ते कांद्याचं रान

कर्वे रस्त्यावर पिकअपच्या केबिनमधून बसमधल्या माणसांच्या डोळ्यांत थेट बघता येतं. नळस्टॉपच्या चौकात एका महागड्या मोटारीने आम्हाला आधी जाऊ दिलं. आमच्या गाडीवरचे पोचे तिने पाहिले असावेत. वसुधा गाणं गुणगुणत होती. मी त्या गोंड्याकडे पाहत होतो. चावीला लटकून तो प्रत्येक खड्ड्याला नाचत होता.

सोसायटीच्या फाटकावर रखवालदाराने शिट्टी वाजवली. “टेम्पो बाहेर! कुणाकडे माल आहे?”

“आपल्याच घरचा आहे,” मी म्हणालो.

संध्याकाळी सचिव आले. त्यांच्या मते आमच्या वाहनाने इमारतीच्या दर्शनी भागाला बाधा येत होती. वसुधाने त्यांना सांगितलं की गाडी रोज उभी राहणार नाही आणि उभी राहील तेव्हा रिकामी असेलच असं नाही. आत काय असू शकतं हेही सांगितलं. सचिवांनी दर्शनी भागाचा विषय पुढच्या सभेवर टाकला.

गुरुवारी दिवस मावळल्यावर, माश्या घरी परतल्यावर, आम्ही भूगावला पेट्यांची तोंडं जाळीने बंद केली आणि त्या गाडीत एकावर एक रचून आवळल्या. रात्रीचा रस्ता वगळतो, त्यात वर्णन करण्यासारखं फक्त अंधार होता. चढाला गाडी रडली. वसुधाने दुसऱ्यात टाकली, दम धरला, शिव्या दिल्या नाहीत. चळत डुलली नाही.

उजाडताना आम्ही रानात होतो. शेतकरी बांधावर घोंगडी घेऊन बसला होता. त्याने गाडी पाहिली आणि नुसतं “आल्या का” म्हणाला. समोर पांढरे गोंडे, टेकडीपर्यंत, दव पडलेले. जाळ्या काढल्या. पहिली माशी बाहेर आली, पेटीच्या ओठावर थांबली, वर गेली, पेटीकडे तोंड करून एक घिरटी घातली आणि कांद्यात उतरली. मग बाकीच्या. ऊन वर आलं तेव्हा सगळं रान एका सुरात बोलत होतं. वसुधा बांधावर बसून रडत होती आणि मला सांगत होती की कांद्यामुळे आहे. फुललेल्या कांद्याने डोळ्यांना पाणी येत नाही, हे मला माहीत आहे.

मी पिकअपच्या फळीवर बसलो आणि आक्कांच्या त्या रितीचा विचार केला. देणाऱ्याने सगळं द्यावं, पण एक टोक आपल्या हातात राहू द्यावं. म्हणजे तुटत नाही. आम्ही शहरातली माणसं वस्तू विकतो आणि नंबर ब्लॉक करतो. त्या सकाळी, त्या आवाजात, मला ती रीत फार शहाणी वाटली. परत येईपर्यंत वाटत होती. पुढचे आठ दिवस वाटत होती, कारण बापूरावांनी टाकी काठोकाठ भरली होती.

नवव्या दिवशी काटा खाली आला. कोथरूडच्या पंपावर मी वसुधाला रुबाबात गाडी लावायला सांगितली आणि गोंडा बांधलेली चावी पंपावरच्या मुलाला दिली. त्याने ती झाकणाला लावून पाहिली, उलटी करून पाहिली, आणि परत दिली.

डिझेलच्या टाकीच्या झाकणाची चावी वेगळी असते. बापूरावांनी फोनवर सांगितलं, ती मांजरीला आक्कांच्या जुडग्यात आहे, आणि जुडगा देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या उजव्या हाताला.